‘हप्ते थकले’ की ‘पैसे बुडवले’? शब्दातला डंख ओळखायचा कसा?

केळीवाली, यावल तालुका
मे महिन्यातल्या वादळात आमची 3 एकर केळी आडवी झाली. पतसंस्थेचे 2 हप्ते राहिले. परवा वसुलीचा माणूस आला आणि ओट्यावर, शेजारपाजाऱ्यांसमोर आप्पांना म्हणाला, "पैसे बुडवून बसलात." आप्पांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि घरात गेले. तेव्हापासून पारावर फिरकलेले नाहीत. भाऊ म्हणतो, शब्दच तो, पैसे तर राहिलेच आहेत ना. राहिलेत, खरंय. पण तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच रात्री आठवलं, गल्लीत माहेरी परत आलेल्या ताईला मी स्वतः कितीदा ‘टाकलेली’ म्हटलंय. असा शब्द तोंडातून जाण्याआधी ओळखायचा कसा? मुदतवाढीचा अर्जही लिहायचाय.

तापीकाठ
ताई, शब्द बाजूला ठेवा आणि काय घडलं ते तारीख-आकड्यासकट सांगून बघा. ‘2 हप्ते भरले नाहीत’ हे खातेपुस्तकात दिसतं. ‘बुडवले’ म्हटलं की त्यात नियत आली, आणि ती कुठल्याच खातेपुस्तकात दिसत नाही. ‘टाकलेली’मध्ये तर टाकणारा गायबच, डाग तेवढा तिच्यावर. आपण वर्षानुवर्षं ‘कर्जमाफी’ म्हणत आलो. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या नावात मात्र ‘कर्जमुक्ती’ आहे. माफी गुन्हेगाराला करतात हो! शेतकऱ्याने कुठला गुन्हा केला?

बोरीकाठ, अमळनेर
शाळेत ‘मन्ही माय’ म्हटलं की गुरुजी सांगायचे, अशुद्ध बोलू नको. कितीतरी वर्षं मला तो नुसता व्याकरणाचा शब्द वाटायचा. मायची बोली घाण आहे असं आपल्याला सांगितलं जातंय, हे फार उशिरा कळलं. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषा सर्वेक्षणात, 1907 च्या भागात, खानदेशीचं, म्हणजे आमच्या अहिराणीचं, व्याकरण नोंदलेलं आहे. नियमाने चालणारी बोली अशुद्ध कशी? साध्या चेहऱ्याचे शब्दच जास्त तपासा. पण तापीकाठभाऊ, सगळा ओलावा पुसू नका. ‘माय’ म्हटल्यावर पोटात जे हलतं, ते ‘मातोश्री’ने हलत नाही. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या डोळ्यांत बघून तो शब्द म्हणता येतो का, मी एवढंच बघतो.

केळीवाली
काल अर्ज लिहिला: ‘वादळात 3 एकर केळी पडली, 2 हप्ते थकले, मुदत वाढवून द्यावी.’ आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी पेन मागून घेतलं आणि ‘केळी’च्या आधी एकच शब्द घातला, ‘निसवलेली’. घड बाहेर पडलेले होते, तीन-चार महिन्यांत कापणी होती. स्वतः वाचताना तिथे आवाज अडकला त्यांचा. तो शब्द तसाच ठेवून अर्ज दिलाय.