सोमालीलँड: नुसते पैसे नव्हेत

एका चर्चेत कुणीतरी 'परदेशात गेलेले लोक फार तर घरखर्चाला पैसे पाठवतात, त्यानं देश उभा राहत नाही' असं म्हटलंय. सोमालियातून वेगळा झालेला पूर्व आफ्रिकेतला प्रदेश, सोमालीलँड, याच्याकडे पाहिलं की मला हे पटत नाही.

1988 मध्ये सोमालियाचा तेव्हाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या सैन्यानं इथलं मुख्य शहर हर्गेसा बॉम्ब टाकून जवळजवळ जमीनदोस्त केलं. 1991 मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं, पण इतर देशांची मान्यता मिळाली नाही म्हणून जागतिक बँकेचं कर्जही मिळालं नाही. मग शहर उभं राहिलं ते मुख्यतः तिथल्याच लोकांच्या कष्टावर आणि लंडन, कार्डिफ, आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर. हे पैसे हवालासारख्या व्यवस्थेतून, म्हणजे पैसे पाठवणाऱ्या खासगी कंपन्यांमार्फत येतात, आणि त्या कंपन्यांना बँकेत खातं लागतंच. म्हणूनच 2013 साली ब्रिटनच्या बार्कलेज बँकेनं त्यांतल्याच दहबशील कंपनीचं खातं बंद करायचं ठरवलं, तेव्हा ब्रिटनमधल्या सोमाली घरांत घबराट पसरली. एका बँकेच्या निर्णयावर गावाकडची चूल अवलंबून!

आणि सोमालीलँडच्या सुईण एडना अदन यांना कसं विसरायचं? जागतिक आरोग्य संघटनेतून निवृत्त झाल्यावर त्या मायदेशी परतल्या. स्वतःचं पेन्शन आणि आयुष्यभराची पुंजी घालून 2002 मध्ये त्यांनी हर्गेसात प्रसूती रुग्णालय सुरू केलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट इमारत वाटत नाही. तिथं सुईणी तयार होतात आणि दूरच्या खेड्यांत जातात, ती वाटते. बाळंतपणात बायका दगावतात अशा प्रदेशात याची किंमत कशात मोजणार?

सोमालीलँडला देश म्हणून मान्यता मिळावी यासाठी परदेशात गेलेल्यांनीही रेटा लावला. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या नगरपरिषदेनं 2014 मध्ये आणि कार्डिफच्या 2015 मध्ये पाठिंब्याचे ठराव केले, त्यामागे तिथल्या सोमाली रहिवाशांची चिकाटी होती.