फिल्मचा हिरवा उजेड दुपारी गायब!

उसातली_मुलगी, सांगली:
एम.एस्सी.चं प्रोजेक्ट आहे. ॲक्रिलिक (पीएमएमए) क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, त्यात हिरव्या चमकणाऱ्या टर्बियम धातूचं कॉम्प्लेक्स आणि चिमूटभर लाल चमकणाऱ्या युरोपियमचं घातलं, पेट्रीडिशमध्ये ओतून फिल्म केली. जानेवारीत सकाळी ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली कैरीसारखी हिरवीगार दिसायची. काल दुपारी लाईट गेलेली, पंखा बंद, लॅबमध्ये ३९ अंश, आणि तीच फिल्म पिवळट-नारिंगी! सर म्हणाले, "खराब झाली, नवीन कर." तीन आठवड्यांची मेहनत आहे हो. टाकून देऊ?

कंदीपेढा, सातारा:
अजिबात टाकू नकोस. आधी फ्रिजमध्ये ठेव, पण प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. दव धरलं तर पाण्यातल्या ओ-एच बंधांची कंपनं युरोपियमची ऊर्जा खातात आणि तू आणखी गोंधळशील. अर्ध्या तासाने काढ आणि लगेच टॉर्च मार. हिरवा परत आला तर फिल्म ठणठणीत. नाहीच आला तर यूव्हीने कॉम्प्लेक्स जळालंय, मग सर बरोबर.

कारण सांगतो. प्रकाश धातू स्वतः फारसा शोषत नाही, भोवती बांधलेला सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगँड, शोषतो आणि धातूला देतो. टर्बियमची चमकायची ऊर्जापातळी साधारण २०,५०० सेंमी⁻¹ (ऊर्जा मोजायचं एकक), युरोपियमची १७,३०० च्या आसपास. तुझ्या लिगँडची ट्रिप्लेट पातळी (जिथून तो धातूला ऊर्जा देतो ती) टर्बियमच्या जरा वरच असणार. म्हणजे परत लिगँडकडे जायला टर्बियमला नुसता उंबरा, युरोपियमला अख्खा जिना. उकाड्यात उंबरा सहज ओलांडला जातो, ऊर्जा उष्णता होऊन जाते. जिना चढणं मात्र ३९ अंशांत होत नाही. म्हणून हिरवा विझतो, लाल उरतो.

उसातली_मुलगी:
दादा, आला परत!! पिशवीतून काढली तेव्हा हिरवी, आणि तळहातावर ठेवली तर कडेकडेने पिवळी होत गेली. बोटाचा ठसासुद्धा उमटला.

कंदीपेढा, सातारा:
मग तू नकळत थर्मामीटरच केलास की! स्पेक्ट्रम घेताना एक बघ: टर्बियमचं ५४५ आणि युरोपियमचं ६१५ नॅनोमीटरचं शिखर जागचं हलणार नाही, चमक देणारे ४एफ कक्षेतले इलेक्ट्रॉन अणूच्या आत झाकलेले असतात. फक्त उंची बदलते. दोन्हींचं गुणोत्तर काढ, टॉर्च जुनी-नवी असल्याचा फरक बराचसा जातो. वर ८० अंशांच्या पुढे नेऊ नकोस, पीएमएमए १०५ च्या सुमाराला मऊ पडतं आणि मग आकडे कशाचे तेच कळत नाही.

गुरांचा_डॉक्टर, मिरज:
विषय डोक्यावरून गेला. पण अगदी थंडीतलं रीडिंग हवं असेल तर आमच्याकडे रेतनाच्या कांड्या ठेवायला लिक्विड नायट्रोजन असतो, उणे १९६. थर्मास आण, पण झाकण घट्ट लावायचं नाही, फुटतो. आणि फिल्म हाताने नको, चिमट्याने.

उसातली_मुलगी:
डॉक्टर, सोमवारी येते. सरांनाही आणते.