विषय: शनिवारची हार आणि १४ तारखेची आरती

ढोल पथक | रविवार, ८ सप्टेंबर २०२४

नमस्कार,
१४ तारखेची आरती बाराऐवजी चारला ठेवता येईल का? आपल्या मिशिगन युनिव्हर्सिटीची आर्कान्सा स्टेटशी फुटबॉल मॅच बरोबर बाराला आहे आणि पथकातल्या नऊ जणांकडे सीझन तिकीट आहे. काल टेक्ससकडून ३१-१२ मार खाल्ल्यावर मोठी माणसं म्हणतायत, आता कोण जातंय. मुलं म्हणतात, आता तर जायलाच हवं. ते गेले की उरतात चार ढोल आणि एक ताशा.

सचिव

हॉल पाचपर्यंतच आहे. चारला आरती, मग महाप्रसाद, मग झाडलोट, आणि किल्ली कधी द्यायची? गेल्या वर्षी दंड भरताना कोणकोण पुढे आलं ते मला आठवतंय. मिरवणुकीला पार्किंग लॉटची परवानगी तीन ते चार अशीच मिळाली आहे, ती हलणार नाही.

तात्या

'आता कोण जातंय' म्हणणाऱ्यांसाठी लिहितो. मी काल सकाळी सातला घरी प्रतिष्ठापना उरकून स्टेडियमवर गेलो होतो. हाफटाइमलाच २४-३. घरच्या मैदानावरची सलग २३ विजयांची माळ डोळ्यांदेखत तुटली, जेवण गेलं नाही. पण सगळं खापर वॉरनवर, आपल्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्यावर) फोडू नका. दोन इंटरसेप्शन (फेकलेला चेंडू समोरच्यांच्या हातात) त्याची, मान्य. पोरगा शाळेत असताना ल्युकेमियातून उठला आणि वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, इथे आला. त्याच्यापुढे ऑफेन्सिव्ह लाइनमधले, म्हणजे त्याला आडोसा देणारे, पाचही जण नवे. जानेवारीत वॉशिंग्टनला ३४-१३ हरवणाऱ्या संघातला क्वार्टरबॅक मॅकार्थी गेला, चेंडू घेऊन पळणारा कोरम गेला, कोच हार्बॉ चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेला. नव्या कोचला, मूरला जरा वेळ द्या. रन (चेंडू घेऊन पळणं) चालत नाही, मग प्रत्येक थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न) लांबचा पडतो, आणि टेक्ससचा क्वार्टरबॅक एवर्स तिकडे आरामात तीन टचडाउन फेकतो. दुखणं लाइनचं आहे.
२००७ मध्ये ॲपलेशियन स्टेटने ३४-३२ हरवलं तेव्हाही मी आत होतो. पुढच्याच आठवड्यात ओरेगनने ३९-७ धुतलं. त्याच संघाने १ जानेवारीला फ्लोरिडाला ४१-३५ हरवलं.

कोलंबसहून आलेले काका

तात्या, याहून चांगलं उदाहरण आहे. २०१४, ओहायो स्टेट घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ हरली आणि शेवटी राष्ट्रीय विजेतेपद घेऊन गेली.

तात्या

काका, तुमचा मान ठेवून सांगतो, मिशिगनच्या गावात, ॲन आर्बरच्या लिस्टवर ओहायोचं, आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं, नाव दिलासा म्हणून घेऊ नका. ज्यांनी २००७ सोसलंय त्यांना ते लागतं.

प्रसाद समिती (काकू)

सचिवांना उत्तर. चारला आरती नको, हे बरोबर, दीडशे माणसं तोवर उपाशी ठेवायची नाहीत. पण त्यासाठी ढोल कशाला हवेत? साडेबाराला नैवेद्य दाखवू, आरती टाळांवर होईल, एकला पानं वाढू. ढोल तीनच्या मिरवणुकीला लागतात. आणि मोदक किती, कुठल्या पातेल्यात, हे समिती ठरवेल, त्यावर इथे चर्चा नको. आज ऋषीची भाजी निवडताना अळू कमी पडलं, गौरीसाठी कोणाच्या परसात असेल तर मंगळवारपर्यंत कळवा.

सचिव

साडेबाराची आरती मान्य. पण तीनला मुलं येणार कशी? मॅच सव्वातीनच्या आत संपत नाही. उरलेल्या चार ढोलांवर मिरवणूक काढली तर माझ्या नावाने बोलू नका.

पथकातली एक विद्यार्थिनी

मी पहिल्यांदाच लिहितेय. कालची हार आम्हाला फार लागली आहे, म्हणून या शनिवारी त्या स्टँडमध्ये असायचंच आहे. पण गणपतीलाही वाजवायचंय. मी आणि पाच जण हाफटाइमला, दीडच्या सुमारास निघू. बाकी तिघे मॅच संपेपर्यंत थांबतील. शुक्रवारी रात्री ढोल हॉलवर ठेवता आले आणि कोणी गाडी आणली तर अडीचला पोचू. झब्बे बॅगेतून नेता येणार नाहीत, स्टेडियममध्ये बॅग चालत नाही.

प्रसाद समिती (काकू)

माझी व्हॅन सात जणांची. रस्ते बंद असतात, म्हणून स्टेडियमपासून दोन गल्ल्या सोडून थांबेन. झब्बे शुक्रवारी माझ्याकडे द्या, इस्त्री करून आणते. पानं वाढून ठेवलेली असतील.