मदत हवी आहे: ग्रामपंचायतीचा 10 टक्के महिला-बालकल्याण निधी

मी ग्रामपंचायत सदस्य. 50 टक्के आरक्षणामुळे निम्म्या जागांवर आम्ही बायकाच, पण स्वउत्पन्नातला महिला-बालकल्याणाचा 10 टक्के निधी कुठे जाणार हे आधीच ठरलेलं असतं. यंदाही अंगणवाडीला रंग आणि सतरंज्या!

बायकांची मागणी आहे आठवडी बाजाराजवळ स्वच्छतागृहाची. बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. महिला ग्रामसभेत ठराव झालाय, इतिवृत्ताची प्रत आहे. ग्रामसेवक म्हणतात, "बांधकाम या निधीत बसत नाही." लेखी द्या म्हटलं की टाळतात. गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. जागा गावठाणातली, वाद नाही. वित्त आयोगाच्या पैशांचा यंदाचा आराखडा मंजूर झालाय, त्यामुळे ती वाट बंद.

या निधीतून बांधकाम चालतं की नाही, हे सांगणारा नेमका शासन निर्णय कोणता?