पगार वाढवून देतायत, तरी राजीनामा मागे घ्यावासा वाटत नाही

रात्रपाळी:
मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स), पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला. राजीनामा दिला तसा एचआरने पगार वाढवतो म्हणून निरोप धाडला. पण माझी तक्रार पगाराची नव्हतीच. नाइटला ३० पेशंट आणि आम्ही दोघी. आयसीयूत कुणी कमी पडलं की एकीला तिकडे नेतात. सलाईन, शुगर, इंजेक्शनं यातच पहाट होते. कुणी आजी घाबरून हात धरते, तो सोडवून पुढच्या बेडकडे पळायचं. हे फार लागतं मनाला. तुम्ही कशामुळे टिकलात?

निवृत्त इन्चार्ज:
अगं, पगारही सोडू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच शिफारस केली आहे: ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना किमान २०,०००, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. पण तुझं दुखणं माणसं कमी असण्याचं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात साध्या रुग्णालयाला ५ रुग्णांमागे एक नर्स आहे, अध्यापन रुग्णालयाला ३ मागे एक. ३० जणांना दोघी म्हणजे तू कितीही जीव ओतलास तरी काम अपुरंच राहणार, आणि घरी जाताना तेच डोक्यात घोळणार.

दुसरं, ड्यूटी लिस्ट. मी ती सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावायचे. गणपतीत कोकणातल्या मुलींना सोडायचं, दिवाळीत त्या इतरांसाठी थांबायच्या. वशिला चालत नव्हता. नातेवाईक अंगावर आले तर आधी मी पुढे व्हायचे, चूक कुणाची ते मागाहून बघू. आमच्या वॉर्डातून बदली मागणाऱ्या फार थोड्या होत्या.

एसएनसीयू_कंत्राटी:
मी एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, कंत्राटी नर्स आहे. मला बाळांनी धरून ठेवलंय. सव्वा किलोचं बाळ फॉलोअपला गुटगुटीत होऊन येतं, आई आपणहून माझ्याकडे देते. पण करार ११ महिन्यांचा. तो संपत आला की झोप लागत नाही. शेजारच्या वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या यंत्रावर) कायमस्वरूपी नोकरीतली सिस्टर हेच काम करते, तिला ही काळजी नाही.

रात्रपाळी:
सिस्टर, तुमचा निकषाचा मुद्दा आज मेट्रन मॅडमना (आमच्या नर्सिंग प्रमुखांना) लेखी दिला. पगार आहे तोच राहू दे, नाइटला अजून दोघी द्या, असं लिहिलंय. नोटीस पिरियड संपेपर्यंत उत्तर आलं नाही तर निघणार. एसएनसीयूची जागा कुठे निघाली तर ताई, इथेच कळव.