पाय काढायचा म्हटल्यावर मनात काय होतं? शुगरवाल्यांचे आणि घरच्यांचे अनुभव

चैत्रात आमच्या गावाहून सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांत माझे वडील अठरा वर्षं होते. अनवाणी. शेवटच्या वर्षी ते परतले आणि मी त्यांचे पाय धुवायला घेतले, तर उजव्या तळव्याची कातडी हातात आली. डांबर तापलेलं होतं. बाबा म्हणाले, "माले काही दुखस नही." आम्ही देवीची कृपा समजलो. शुगरने त्यांच्या पायातल्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

चार महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस ते आमच्याशी जवळजवळ बोललेच नाहीत, नवव्या दिवशी सही केली. त्यानंतर चार वर्षं जगले. त्या आठ दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी कधीच विचारलं नाही, "काही होत नाही बाबा" एवढंच म्हणत राहिले. त्याची बोच आहे, म्हणून हा धागा.

कुणाचा पाय कोणत्या काढ्याने वाचला हे कृपया इथे नको. ज्यांनी हा निर्णय स्वतः घेतला, नाकारला किंवा जवळून पाहिला, त्यांनी मनातलं लिहावं. अहिराणीत लिहिलं तरी चालेल.

केळी उत्पादक, यावल तालुका

ताई, बागेत पाणी चालू असलं की चप्पल चिखलात रुतते, म्हणून आम्ही अनवाणीच. माझ्या अंगठ्याखाली कुरूप झालं होतं, ते मी घरीच ब्लेडने तासायचो. त्याच्याखाली पू साठला. तिथून चौदा महिने. एक दिवसाआड ड्रेसिंग, न्यायला मुलगा, म्हणजे त्याचंही काम बुडालं. वासाचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. सून ताट ठेवून दुसऱ्या खोलीत जायची. तिचा दोष नाही, मलाच घास उतरत नव्हता. ओट्यावर बसलो की माणसं लांबूनच रामराम करून पुढे जायची.

एका दवाखान्यात डॉक्टरांनी राऊंडला, उभ्या उभ्या, शिकाऊ पोरांना सांगितलं, "याचा जाईल." मी तिथेच पडलेलो होतो! पाय जाणार याच्यापेक्षा त्या "याचा"चा राग आला. न सांगता घरी निघून आलो. मग दुसरे डॉक्टर भेटले. खुर्ची ओढून बसले, कागदावर पाय काढला, रक्त कुठवर येतंय ते पेनाने दाखवलं. घोट्याच्या खाली रक्तच पोचत नव्हतं, नुसती बोटं काढली असती तर ती जखमही भरली नसती. मी एकच विचारलं, गुडघा राहील? म्हणाले, राहील. सही केली.

लोकांना वाटतं पाय गेला की माणूस रडतो. मला ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री चौदा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली. रडलो ते पुढे, कटाईच्या दिवशी. मजूर बांधावरून ओरडून घडांचा आकडा सांगत होते आणि मी रस्त्यावर, रिक्षात बसलेलो.

ड्रेसिंग करणारी सिस्टर, धुळे

"मरण चालेल, पाय नको" हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकते आहे. जवळ बसून विचारलं की वेगळंच निघतं. पहिला प्रश्न असतो, "संडासला कोण नेईल?" दुसरा, "आज बोट, उद्या पंजा, परवा गुडघा, काकडीसारखं कापत जातील." ही दुसरी भीती खोटी नाही. रक्तपुरवठा नीट न बघता आधी बोट काढलं आणि ते भरलंच नाही, की माणसाचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. म्हणून डॉप्लर (पायात रक्त कुठवर पोचतंय ते बघायची तपासणी) झाला का, बंद पडलेली रक्तवाहिनी उघडता येईल का, हे विचारायला लाजू नका. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर कुणाचा अपमान होत नाही.

मात्र बोट कोरडं, काळं पडलंय ते वेगळं. आणि ताप आहे, पाय लाल होऊन सूज वर चढते आहे ते वेगळं. तिथे आम्ही तास मोजतो.

बधिर बोटं रात्री उंदराने कुरतडली आणि सकाळी अंथरुणावरचं रक्त बघून कळलं, असे तीन जण मी स्वतः पाहिलेत.

मुलगा, नंदुरबार

आईने नाही म्हटलं. "मना पाय मनासंगेच जाई." म्हणजे माझा पाय माझ्याबरोबरच जाईल. मामांना बोलावलं, डॉक्टरांनी दोनदा समजावलं, मी तर तिच्यावर ओरडलोसुद्धा. अकराव्या दिवशी ती गेली, जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. जबरदस्ती का नाही केली, असं लोक अजून विचारतात. ती शुद्धीवर होती, तिला सगळं कळत होतं. मी चुकलो की नाही, ते मला ठरवता येत नाही.

गृहिणी, अमळनेर

बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, जोडवी काढा. बोटं सुजलेली, निघेनात. साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला, शेवटी कटरने तोडली. लग्नापासून, 31 वर्षं पायात होती. पायासाठी मी रडले नव्हते, त्या दोन चांदीच्या तुकड्यांसाठी रडले. मालकांनी ते उचलून रुमालात बांधले, काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र म्हणाल्या, "एक पाय आहे ना? त्यात घाल." मला तेव्हा ते फार लागलं. आता वाटतं, सरळ बोलणारं माणूस तेवढंच होतं.

घरी आल्यावर खरं कठीण गेलं ते स्वयंपाकघर. आमचं सगळं खाली बसून, कळण्याची भाकरीसुद्धा. ओटा बांधला, उंच स्टूल आणलं. जखम पूर्ण भरल्यावर जयपूर फूट बसवला. बसवणाऱ्या दादांनी सांगितलं की हा पाय जयपूरला 1968 मध्ये तयार झाला, तो आपल्याकडच्या उकिडवं बसणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसांचा विचार करूनच. शुगर असल्यामुळे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर वळ उठलाय का ते रोज बघावं लागतं. गेल्या श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला नदीपर्यंत चालत गेले.

कधी रात्री नसलेल्या अंगठ्याला खाज येते. हात जातो, गादी लागते.

निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

माझी दोन बोटं गेली, पाय वाचला. सगळे म्हणतात, सुटलात काका. सुटलो कसला, दुसरा पाय आहे ना. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघतो, मे महिन्यात आमच्याकडे दुपारी फरशीसुद्धा पोळते म्हणून घरातही चप्पल, अंघोळीचं पाणी बायको हात घालून बघते. पायाला कळत नाही, मग डोळ्यांनीच सांभाळायचा. भीती मात्र तेवढीच आहे.

धागा काढणारी, जळगाव

सिस्टर, तुमच्या "संडासला कोण नेईल" या ओळीवर मी थांबले. त्या आठ दिवसांत बाबांनी एकदाच भावाला हाक मारली होती आणि विचारलं होतं, घरी कमोड बसवायला किती खर्च येतो. आम्हाला वाटलं, बाबांना तापाचा भ्रम झालाय. आम्ही त्यांना झोपा म्हणालो.