मागत नाही त्याच्याकडे कोण बघणार?

वाटसरू
ख्रिस्ती करुणेवर बोलायचं म्हटलं की दान, सेवा, त्याग यांवर भरभरून बोललं जातं. त्याच्या आधीची पायरी मात्र गळते, ती म्हणजे बघणं. तोंड उघडून मागणाऱ्याला मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, मदत करते, मागत नाही तो राहून जातो. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं करणारी बाई रविवारी वेळेवर उपासनेला येते, हसते, जाते. तिचं काही अडत असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. नवरा तुरुंगात गेलेली बाई, घटस्फोटानंतर हळूच मागच्या बाकावर सरकलेला माणूस, हेही त्यातलेच.

डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन बोलायला सांगितलं होतं. काहींना विषय दिला होता चक्क चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला यहुद्यांनी परक्या मानलेल्या शोमरोनी जमातीतल्या एकानं मदत केल्याची येशूनं सांगितलेली गोष्ट. वाटेत एक माणूस दाराशी वाकून खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. डोक्यात दाखला घोळत होता की दुसरं काही, यानं म्हणावा असा फरक पडला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की दया आटलेली नाही, नजर हरवली आहे. प्रवचनं कमी झाली तरी चालतील, पण मंडळीनं लोकांना जरा सावकाश चालायला शिकवावं.

खडूस
साफ असहमत. ज्या दाखल्याचं नाव घेतलंत तोच तुमच्या विरोधात जातो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. याजकानं, म्हणजे यहुदी पुरोहितानं, त्या जखमी माणसाला पाहिलं, मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यानंही पाहिलं, आणि दोघंही पाहूनच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं निघून गेले. दिसलं तिघांनाही सारखंच.

प्रयोगाचंही तेच. न थांबलेल्यांतले काही जण पुढच्या इमारतीत पोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते, हे त्याच संशोधकांनी नोंदवलंय. ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. न दिसणाऱ्या गोष्टीनं माणूस अस्वस्थ होत नाही. ‘आमच्या लक्षातच आलं नाही’ ही सभ्य लोकांची सबब आहे, तिला धर्मशास्त्राचा झगा घालू नका.

वाटसरू
@खडूस, मग लूकमधलाच सोळावा अध्याय घ्या. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर पडून असायचा. मेल्यावर यातनेत असताना तो श्रीमंत त्याला नावानं ओळखतो, म्हणजे आयुष्यभर माहीत होता. पण तिथूनही मूळपुरुष अब्राहामाला सांगतो काय, तर लाजराला पाठवा, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करू दे! माणूस समोर आहे, पण अजून हरकाम्याच. मी याच नजरेबद्दल बोलतोय. डोळे तर याजकालाही होते.

जाईजुई
तुम्ही दोघंही एकेकट्या माणसाच्या मनात शिरून बसला आहात. पहिल्या मंडळीतही माणसं नजरेतून सुटली होती. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, सहावा अध्याय. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. त्यावर प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ‘डोळे उघडे ठेवा’ असं प्रवचन दिलं नाही. सात माणसं नेमली आणि काम त्यांच्या हाती सोपवलं. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे बहुधा ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं.

आज किती मंडळ्यांच्या मदत समितीत मदत घेणारं कुणी असतं? यादी करणारे सगळे पुढच्या बाकावरचे, मग मागचा बाक यादीत येणार कसा?

उंटावरचा शहाणा
मी तुमच्यातला नाही, तरी स्पष्ट बोलतो. दुर्लक्षित माणूस म्हणजे गळाला लागायला सगळ्यात सोपा मासा. आधी विचारपूस, मग मदत, मग ‘प्रार्थनेला या’. असल्या बघण्यापेक्षा न बघणं परवडलं.

जाईजुई
@उंटावरचा शहाणा, असं घडत नाही असं मी म्हणणार नाही, आणि जिथे घडतं तिथे ते चूकच. पण कसोटी आमच्याच पुस्तकात आहे. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत आला एकच, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे असं येशूनं विचारलं जरूर, पण त्यांचं बरं होणं काढून घेतलं नाही. आणि ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक असलेल्या रोमन सम्राट ज्युलियननं चौथ्या शतकात आपल्या पुरोहिताला लिहिलं होतं, की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) त्यांच्या गरिबांबरोबर आपलेही पोसतात. तो चिडला होता, पण खोटं लिहायचं त्याला काही कारण नव्हतं.

उंटावरचा शहाणा
त्या पत्राचा सूर ‘आपणही हे करायला हवं, नाहीतर माणसं तिकडे जातील’ असाच आहे ना? म्हणजे गळाची शंका त्यालाही होतीच. नऊ जणांचा मुद्दा मात्र चांगला.

सावली
वाटसरू, तुमच्या पहिल्या उदाहरणातली बाई मी आहे असं समजा. नवऱ्याच्या जागी आई. माझ्याकडे ‘बघणारे’ भरपूर आहेत. ‘कशी आहे आता?’ असं विचारतात, मान तिरकी करतात, पुढच्या प्रार्थनासभेत आमच्या घरची सगळी हकिकत नावासकट देवापुढे, म्हणजे सगळ्यांपुढे, मांडतात. नको हो तसली नजर.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय हा आंधळा भिकारी येशूला हाका मारत ओरडत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प बस म्हणून दटावलं. येशूनं त्याला बोलावून विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला हे विचारायची गरज काय, असं कुणालाही वाटेल. पण विचारलं. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं: गुरुवारी दुपारी आईजवळ बसा, मी झोपते.

खडूस
ही बाई आता सगळ्यांना दिसली. वाटसरूंच्या हिशेबानं अर्धं काम झालं. गुरुवारी कोण बसतंय?

वाटसरू
सावली, टोमणा लागला आणि खडूसचाही प्रश्न रास्त आहे. पण इथे चारचौघांत ‘मी येतो’ म्हणणं म्हणजे पुन्हा तुमच्या त्या प्रार्थनासभेसारखंच होईल. निरोप पाठवलाय, सवडीनं बघा. जाईजुईंच्या समितीच्या मुद्द्यावर मात्र मला भांडायचंय. सातांतल्या स्तेफनाला पुढच्याच अध्यायात दगडांनी मारलं आणि फिलिप्प आठव्यात शोमरोनात उपदेश करताना दिसतो. मग वाटपाचं काम पुढे कोण बघत होतं?